रिमोट डेस्कटॉप कनेक्ट होत नाही? विहिरीपासून वावरापर्यंत एकेक पायरी तपासा



घरचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावात बसून चालवायचा, याला म्हणतात रिमोट डेस्कटॉप. सेटिंग एकदा केलं की मस्त चालतं आणि मग आपण ते विसरून जातो. पण ज्या दिवशी खरंच गरज पडते, नेमकं त्याच दिवशी स्क्रीनवर एरर येतो. मग आपण तेच कनेक्टचं बटण दहा वेळा दाबतो, कॉम्प्युटर बंद-चालू करतो आणि शेवटी वैतागून सोडून देतो.

या लेखात आपण हा प्रॉब्लेम नक्की कुठे आहे हे शोधायचं कसं, ते बघणार आहोत. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. मे महिन्यात एका रात्री आमच्याच घरी हे सगळं घडलं. चुका माझ्याच होत्या, म्हणून त्या लपवत नाही.

त्या रात्री काय झालं

माझं गाव मिरजगाव. कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. धाकटी बहीण नगरला हॉस्टेलवर राहून सिव्हिलचा डिप्लोमा करते. घरी आई, आप्पा आणि बहिणीसाठी घेतलेला एक असेंबल केलेला कॉम्प्युटर.

रात्री साडेनऊला बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला.

"दादा, सरांनी ड्रॉइंगमध्ये दोन बदल सांगितलेत. उद्या सकाळी दहाला फायनल सबमिशन आहे. फाइल घरच्या कॉम्प्युटरवर राहिलीय."

आप्पांनी फाइल मेल केली असती, तरी उपयोग नव्हता. ती उघडायला ऑटोकॅड लागतं. ते ना तिच्या मोबाइलमध्ये, ना माझ्या लॅपटॉपवर. फक्त घरच्या कॉम्प्युटरवर. आणि रात्री नगरहून गावी जाऊन सकाळी दहाच्या आत परत यायचं, हे एकट्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "काळजी करू नको. दिवाळीत मी रिमोट डेस्कटॉप लावून ठेवलंय. पाच मिनिटांत करून देतो."

त्या पाच मिनिटांचे पावणेदोन तास झाले.

पुण्याहून कनेक्ट करायला गेलो, तर एरर. पुन्हा केलं, पुन्हा एरर. आप्पांना फोन लावून कॉम्प्युटरसमोर बसवलं. आप्पांनी आयुष्यात माऊस चार-पाच वेळा धरला असेल. मी इकडून दहा गोष्टी एकदम सांगायला लागलो. हे बघा, ते दाबा, आता ते बंद करा. थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग आप्पा म्हणाले,

"आरं, जरा थांब. वावरात पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी विहिरीवर जाऊन बघतो मोटार चालू हाय का. मग पाइप. मग कॉक. मग ठिबकच्या नळ्या. तू तर एकदम नळ्याच उपटायला लागलाय."

मित्रांनो, मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण ट्रबलशूटिंगची इतकी सरळ व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. त्यानंतर आम्ही आप्पांच्या क्रमाने गेलो. हा लेखही त्याच क्रमाने आहे.

आधी थोडं समजून घेऊया

रिमोट डेस्कटॉपमध्ये फाइल इकडून तिकडे येत नाही. तुम्ही इकडे की दाबता किंवा माऊस हलवता, तेवढंच तिकडे जातं. तिकडच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं चित्र इकडे येतं. ऑटोकॅड चालतं ते तिकडेच. म्हणून साध्या मोबाइलवरूनही जड सॉफ्टवेअर चालवता येतं.

विंडोजमध्ये यासाठी जी पद्धत आहे तिला रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, थोडक्यात आरडीपी म्हणतात. १९९८ साली ती विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आली आणि २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून साध्या कॉम्प्युटरवर आली. मोबाइलसाठी मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप आहे. ते आधी ‘रिमोट डेस्कटॉप’ नावाने होतं, आता ‘विंडोज अ‍ॅप’ नावाने ओळखलं जातं.

कनेक्शन होण्यासाठी चार गोष्टी लागतात:

१. तिकडचा कॉम्प्युटर जागा हवा. ही झाली मोटार.
२. तुमच्यापासून त्याच्यापर्यंत रस्ता हवा. ही पाइपलाइन.
३. त्याचं दार उघडं हवं. हा कॉक.
४. तुमच्याकडे बरोबर किल्ली हवी, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड.

यातली एक जरी गोष्ट नसली तरी एरर येतो. आणि आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. हा नियम पाळला तर निम्मा वेळ वाचतो.

पायरी १: कॉम्प्युटर जागा आहे का?

हसू नका. सगळ्यात जास्त वेळा अडचण इथेच असते. कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की तो नेटवर्कवरूनही गायब होतो. मॉनिटर काळा असणं आणि कॉम्प्युटर झोपलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटर बंद असला तरी चालतं, कॉम्प्युटर झोपलेला चालत नाही.

काय करायचं: सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात पॉवर उघडा. प्लगला जोडलेला असताना स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद होण्याची वेळ कितीही ठेवा.

गावाकडे दुसरी अडचण लाइटची. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद झाला. लाइट आली, पण कॉम्प्युटर चालू करायला कुणी नाही. यासाठी कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जा आणि ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाची सेटिंग शोधा. ती ‘पॉवर ऑन’ केली की लाइट येताच कॉम्प्युटर आपोआप चालू होतो. ही सोय डेस्कटॉपच्या बहुतेक मदरबोर्डवर असते.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शन आणि लॉगइन फेल होतात, आणि कारण काही केल्या कळत नाही. म्हणून तारीख-वेळ एकदा बघून घ्या.

आमच्याकडे त्या रात्री आप्पा समोरच बसले होते. कॉम्प्युटर चालू, तारीख बरोबर, राउटरचे दिवे हिरवे. मोटार चालू होती. पुढे गेलो.

पायरी २: विंडोज कुठलं आहे आणि रिमोट डेस्कटॉप चालू आहे का?

विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून आरडीपीने येता येत नाही. होमवरून तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडू शकता, पण होमला कुणी जोडू शकत नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. अनेक लॅपटॉपवर होमच येतं आणि लोक तासन्‌तास चालू करण्याचं बटण शोधत बसतात.

काय करायचं: सेटिंग्ज, सिस्टम, अबाउटमध्ये आवृत्ती बघा. प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट डेस्कटॉपमध्ये जाऊन बटण चालू आहे का ते बघा. होम असेल तर निराश होऊ नका. क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतं, त्याबद्दल खाली सांगितलंय.

आमच्याकडे प्रो होतं. बटण चालू होतं. पुढे गेलो.

पायरी ३: रस्ता आहे का?

इथे बहुतेक सगळे अडकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

घरातल्या वायफायवर प्रत्येक मोबाइल आणि कॉम्प्युटरला राउटर एक आयपी पत्ता देतो. तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. हा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो. तुमच्या घरातही १९२.१६८.१.५ असेल आणि शेजारच्या घरातही असेल. म्हणून पुण्यात बसून हा पत्ता टाकून काहीच होत नाही. ‘वरची खोली’ असं लिहून पत्र पोस्टात टाकल्यासारखं ते आहे. कुणाच्या घरातली वरची खोली?

मग बाहेरचा पत्ता टाकला तर? त्यातही आता अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची संख्या मर्यादित आहे, सुमारे ४३० कोटी. ते पुरेनात, म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजी-नॅट म्हणतात. मोठ्या वाड्यात वीस बिऱ्हाडं राहतात आणि दारावर पाटी एकच, तसं समजा. आतून कुणीही बाहेर जाऊ शकतो. पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला कुठल्या बिऱ्हाडात जायचं ते कळत नाही. मोबाइल डेटावर आणि बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनवर हेच असतं.

ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर ‘वॅन’चा आयपी बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तुम्ही वाड्यात राहता. हे पत्ते २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवले गेले.

सोपी चाचणी: मोबाइल घरच्या वायफायवर ठेवून कॉम्प्युटरला कनेक्ट करा. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच करा. वायफायवर होतंय आणि डेटावर होत नाही, तर कॉम्प्युटर ठीक आहे, रस्त्याची अडचण आहे. दोन्हीकडे होत नाही, तर अडचण कॉम्प्युटरमध्येच आहे. या दोन मिनिटांच्या चाचणीने अर्धं कोडं सुटतं.

आणि हो, वायफायवरही अचानक बंद झालं असेल, तर राउटर बंद-चालू झाल्यावर कॉम्प्युटरचा पत्ता बदलला असण्याची शक्यता असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा, आताचा पत्ता दिसेल. राउटरमध्ये तो पत्ता त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवला की पुन्हा बदलत नाही.

बाहेरून रस्ता करायचा असेल तर काय? दोन चांगले मार्ग आहेत.

पहिला, टेलस्केलसारखं व्हीपीएन अ‍ॅप. ते घरच्या कॉम्प्युटरवर आणि तुमच्या मोबाइलवर टाका आणि दोन्हीकडे एकाच अकाउंटने लॉगइन करा. दोघांना एक खासगी पत्ता मिळतो आणि ते जगात कुठेही असले तरी एकाच घरात असल्यासारखे बोलतात. सीजी-नॅट आड येत नाही, कारण दोन्हीकडून सुरुवात आतून बाहेर होते. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे.

दुसरा, क्रोम रिमोट डेस्कटॉप. यातही घरचा कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर येऊन भेटतो. सेटिंग सर्वांत सोपं आणि विंडोज होमवरही चालतं. कायमचा प्रवेश हवा असेल तर पिन ठेवता येतो. एकदाच मदत करायची असेल तर समोरचा बारा आकडी कोड सांगतो आणि परवानगीचं बटण दाबतो.

मी दिवाळीत टेलस्केल टाकलं होतं. मग अडलं कुठे? मोबाइलवर अ‍ॅप उघडून यादी बघितली, तर घरच्या कॉम्प्युटरसमोर लिहिलेलं, ‘एक्स्पायर्ड’. त्यात प्रत्येक मशीनचं लॉगइन डिफॉल्टने १८० दिवस चालतं आणि मग पुन्हा लॉगइन करावं लागतं. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि आता मेचा दुसरा आठवडा. हिशेब करा. दोष माझा होता, मी वाचलंच नव्हतं.

नशिबाने त्या ब्राउझरमध्ये माझं अकाउंट दिवाळीपासून लॉगइन होतं. आप्पांनी घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हावर क्लिक केलं, लॉगइन निवडलं, पानावर माझं नाव दिसलं, त्यावर दाबलं.

"तुझं नाव आलंय बघ," आप्पा म्हणाले. इकडे माझ्या मोबाइलवर कॉम्प्युटर हिरवा झाला. पाइपलाइन जोडली गेली.

तुम्ही टेलस्केल वापरत असाल तर आजच दोन गोष्टी करा. अ‍ॅडमिनच्या पानावर घरच्या कॉम्प्युटरसाठी ‘डिसेबल की एक्स्पायरी’ करा. आणि विंडोजमधल्या अ‍ॅपमध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, म्हणजे कुणी लॉगइन केलेलं नसलं तरी ते चालू राहतं.

पायरी ४: दार उघडं आहे का?

एका आयपी पत्त्यावर अनेक दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. आरडीपीचं दार आहे ३३८९. रस्ता असूनही दार बंद असू शकतं. हे दार बघणारा वॉचमन म्हणजे फायरवॉल.

दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवरून तपासायचं असेल तर पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड द्या. पुढे घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता, मग ‘-पोर्ट’ आणि ३३८९. सगळं इंग्रजीत टाइप करायचं. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर दार उघडं आहे. ‘फॉल्स’ आलं तर बंद आहे.

नुसत्या पिंगवर विसंबू नका. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही, पण ३३८९ उघडं असतं. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर हाक मारली आणि ओ आली नाही, म्हणजे घरात कुणी नाही असं होत नाही.

दार बंद असेल तर:
– फायरवॉलच्या ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’ यादीत ‘रिमोट डेस्कटॉप’ला टिक आहे का बघा. प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन रकाने असतात.
– नवीन राउटर बसवला की विंडोज ते नेटवर्क बऱ्याचदा ‘पब्लिक’ धरतं आणि नियम कडक करतं. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा.
– वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तिथेही परवानगी द्यावी लागते.
– सर्व्हिसेसच्या यादीत ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ चालू आहे का बघा.

आमच्याकडे उत्तर आलं ‘ट्रू’. मी खुर्चीतून उठलोच. पण आप्पा म्हणाले, "अजून पाणी वावरात यायचंय."

पायरी ५: किल्ली बरोबर आहे का?

आता लॉगइनची खिडकी आली. बहिणीने चार आकडे सांगितले, मी टाकले. ‘क्रेडेन्शियल्स’ चालले नाहीत, असा मेसेज.

हे लक्षात ठेवा: कॉम्प्युटर उघडताना आपण जो पिन टाकतो तो फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर बसून चालतो. रिमोट डेस्कटॉपला पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल आणि त्या अकाउंटचा पासवर्ड. लोकल अकाउंटला पासवर्डच ठेवला नसेल, तरीही विंडोज बाहेरून आत घेत नाही. आधी पासवर्ड ठेवावा लागतो.

बहिणीने पासवर्ड सांगितला. तरी नाही. मग तिला आठवलं, "दादा, मी फेब्रुवारीत मोबाइलवरून पासवर्ड बदलला होता. कॉम्प्युटरवर तर मी पिनच टाकते."

घोळ इथे होता. पासवर्ड मोबाइलवर बदलला, पण त्या कॉम्प्युटरने नवा पासवर्ड एकदाही बघितला नव्हता. तो स्वतःजवळ ठेवलेल्या जुन्याच नोंदीशी ताडून बघत होता. उपाय सोपा आहे. कॉम्प्युटर लॉक करायचा, लॉगइन पानावर ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये पिनऐवजी पासवर्ड निवडायचा आणि नवा पासवर्ड एकदा तिथेच टाकायचा. पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हॅलोने साइन-इन करू देणारं बटण चालू असतं, ते बंद करा.

पण हे करायचं कुणी? आप्पांनी.

एक कॅपिटल अक्षर, आठ छोटी, एक अ‍ॅटचं चिन्ह, तीन आकडे. "शिफ्ट दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि दुसऱ्या हाताने दोन दाबायचं." पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. "माझी बोटं मोठी हायती," आप्पा म्हणाले. फोनवर मागून आईचा आवाज आला, "द्या इकडं, मी दाबते शिफ्ट." दोघांनी मिळून तिसऱ्यांदा टाकला आणि स्क्रीन उघडली.

इकडून मी कनेक्ट केलं. झालं!

आणि तिकडून आप्पा ओरडले, "आरं, बंद पडलं! परत कुलूप आलं!"

घाबरू नका, हे असंच होतं. घरगुती विंडोजवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. तुम्ही बाहेरून आलात की समोरची स्क्रीन लॉक होते. समोरच्याला तुम्ही काय करताय ते दिसायला हवं असेल, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा.

पायरी ६: कनेक्ट झालं, पण काळी स्क्रीन किंवा फार हळू?

– कनेक्शनच्या विंडोमध्ये ‘एक्स्पीरियन्स’ टॅबमध्ये कमी स्पीड निवडा. वॉलपेपर आणि अ‍ॅनिमेशन बंद होतात. ‘डिस्प्ले’मध्ये रंग आणि रिझोल्यूशन कमी करा. मोबाइल नेटवर चांगला फरक पडतो.
– काळी स्क्रीन आली तर एक मिनिट थांबा, मग कनेक्शन बंद करून परत करा. तरी तसंच असेल तर ‘परसिस्टंट बिटमॅप कॅशिंग’ची टिक काढून बघा.
– कनेक्शन तुटलं तरी तिकडचं काम बंद होत नाही. परत जोडलं की तिथूनच पुढे. फक्त काम झाल्यावर फाइल सेव्ह करायला विसरू नका.

बहीण फोनवर सांगत होती, मी इकडून ऑटोकॅडमध्ये करत होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन मापं बदलली, नाव-तारखेचा चौकोन दुरुस्त केला, पीडीएफ काढली, ड्राइव्हवर टाकली. सव्वाअकरा वाजले होते. सकाळी तिने झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि दहाला जमा केली.

एरर वाचून पायरी कशी ओळखायची?

– ‘कॉम्प्युटर सापडला नाही’ अशा अर्थाचा मेसेज: नाव किंवा पत्ता चुकलाय. पायरी ३.
– ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ म्हणून तीन कारणं दिलेली असतील: कॉम्प्युटर बंद, सेटिंग बंद, रस्ता नाही किंवा दार बंद. पायरी १ ते ४ क्रमाने.
– ‘क्रेडेन्शियल्स’ चालले नाहीत: खुश व्हा! रस्ता आणि दार दोन्ही ठीक आहेत. फक्त पायरी ५.
– ‘क्रेडएसएसपी’ असा शब्द असलेला मेसेज: दोन्हीपैकी एका कॉम्प्युटरवर विंडोज अपडेट नाही. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी हा नियम कडक केला. दोन्हीकडे अपडेट करा. सुरक्षा कमी करून पळवाट काढू नका.

एक शॉर्टकट कधीच घेऊ नका

राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ३३८९ सरळ इंटरनेटवर उघडा, असा सल्ला तुम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळेल. कृपया करू नका. जगभर कॉम्प्युटर रात्रंदिवस हेच दार उघडं कुठे आहे ते शोधत असतात आणि पासवर्ड टाकून बघत असतात. २०१९ साली ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली होती. तिच्यामुळे जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. रस्ता हवा असेल तर व्हीपीएन वापरा, दार रस्त्यावर उघडू नका.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं

दुसऱ्याचा कॉम्प्युटर किंवा मोबाइल लांबून चालवता येणं ही जितकी सोय आहे, तितकाच धोका आहे. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला होता की, एनीडेस्कसारखं अ‍ॅप लोकांना डाउनलोड करायला लावून, त्याचा कोड विचारून यूपीआयमधून पैसे काढले जातात. अ‍ॅप वाईट नाही. कोड कुणाला दिला, हा प्रश्न आहे.

त्या रात्रीनंतर मी आप्पांना एवढंच सांगितलं होतं, "मी सोडून कुणीही अ‍ॅप टाका म्हटलं, कोड सांगा म्हटलं, तर फोन ठेवायचा आणि मला लावायचा."

जूनमध्ये त्यांना फोन आला. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपलीय, खातं बंद होईल, एक अ‍ॅप टाका आणि त्यात आलेला नंबर सांगा." आप्पा म्हणाले, "आमच्या मोटारीच्या स्टार्टरला हात कुणी लावायचा ते आम्ही ठरवतो," आणि फोन ठेवला. त्या खात्यात नुकतेच कांद्याचे पैसे आले होते. मला ते त्यांनी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कशावर तरी बोलता बोलता सांगितलं.

म्हणून मित्रांनो, हा लेख वाचून घरचं रिमोट डेस्कटॉप तर नीट कराच, पण त्याच दिवशी आई-वडिलांना, आजी-आजोबांना ही एक गोष्टही सांगा. चुकून कुणाला कोड दिला गेला तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

जाता जाता, घराबाहेर पडण्याआधीची यादी

– स्लीप ‘नेव्हर’ आहे.
– लाइट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू होतो.
– व्हीपीएनचं किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपचं लॉगइन चालू आहे, त्याची मुदत माहीत आहे.
– पासवर्ड माहीत आहे, फक्त पिन नाही.
– मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर एकदा कनेक्ट करून बघितलंय.
– महिन्यातून एकदा परत बघायचं ठरवलंय.

मी आता दर महिन्याच्या एक तारखेला पुण्याहून पाच मिनिटं घरचा कॉम्प्युटर उघडून बघतो. आप्पांना ते समोरच्या स्क्रीनवर कुलूप आलं की कळतं. मग त्यांचा फोन येतो, "आलास का विहिरीवर?"

चला तर मग, पुन्हा भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत तुमच्या घरच्या मोटारीचा स्टार्टर एकदा तपासून घ्या!